आधी समोरच्याचं म्हणणं मांडा

भांडणं मिटली की माणसं ती विसरून जातात. आमची फारशी मिटलीच नाहीत, म्हणून ती माझ्याकडे साठत गेली. आता कुणी सहज विचारलं, "तुमच्या त्या सॉफ्टवेअरचं काय चाललंय?" की मला सॉफ्टवेअर आठवत नाही, भांडणंच आठवतात. सांगायला बसले की ऐकणारे हसतात. हसू देत बापडे. अर्ध्या वाटेपर्यंत मीही हसते.

आधी मंडळी कोण ते सांगते. मी वैशाली, सांगलीत एका बँकेत कम्प्युटर सांभाळते. आमच्या भागात नदीचं पाणी मोटारीनं वर चढवतात आणि पाइपलाइननं उसाच्या रानांना पाळी लावून देतात. कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली, यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. ती नोंद मोबाइलवर ठेवायला आम्ही काही जणांनी मिळून एक सॉफ्टवेअर केलं. नाव 'पाणीपाळी'. फुकट. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घ्या, बदला, वापरा. कुणी मालक नाही, कुणी साहेब नाही. आता साहेबच नाही म्हटल्यावर भांडण मिटवायचं कुणी?

आणि भांडणारे दोघे पक्के. एक साताऱ्याचे सुभेदार काका. फौजेत सिग्नलला, म्हणजे वायरलेसच्या कामाला होते. रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, नाहीतर सिक्युरिटीचं काम धरतात. यांनी प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. दुसरा पाटणचा मिलिंद. कराडला इंजिनिअरिंग केलं, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि उरलेला सगळा वेळ सुभेदारांशी भांडायचा. सातारा एका टोकाला, सांगली दुसऱ्या टोकाला, म्हणून भेटायचं कराडला, स्टँडजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर. हॉटेलवाला बरेच दिवस आम्हाला विमा एजंट समजत होता.

*

सॉफ्टवेअरचं पहिलं रूप आमच्यातल्याच प्रमोदनं एकट्यानं लिहिलेलं, सांगलीत, स्वतःच्या लग्नाच्या धामधुमीत. पुढे माणसं वाढली आणि सगळ्यांचं मत पडलं, की याचा कोड फार संथ चालतो, नव्यानं लिहू. ग्रुपवर धुमश्चक्री सुरू झाली. प्रमोद एकटा एका बाजूला. शेवटी मतदान घेतलं, तो हरला, 'ऑल द बेस्ट' लिहून ग्रुपमधून बाहेर पडला. आम्ही त्याखाली अंगठ्याची चित्रं टाकली आणि कामाला लागलो.

पुढे एकदा तो मला मार्केट यार्डात भेटला. आता सासऱ्यांचं हळदीचं गोडाऊन बघतो. बाह्यांना हळद लागलेली. चहा पाजला, पोरांची चौकशी केली. न राहवून मी म्हटलं, "कोड बदलला म्हणून एवढं काय मनाला लावून घेतलंस?"

"कोडचं काय घेऊन बसलीस? मी तेव्हा काय म्हणत होतो, ते तुमच्यातल्या एकाला तरी सांगता येईल का?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पुढच्या बैठकीत मी हे कराडला सांगितलं. मग मिलिंद म्हणाला, "मतदान बंद करू. इथून पुढं ज्याला विरोध करायचाय, त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. समोरचा 'व्हय, हेच मला म्हणायचं हाय' म्हणाला, की मगच आपलं."

नियम ठरला. तो सांगायला आणि प्रमोदला परत बोलवायला आम्ही हळदीच्या गोडाऊनवर गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नियम चांगला केलात," म्हणाला. "माझ्या आधी करायचा होता."

*

नियमाचा पहिला प्रयोग झाला तो मिस्ड कॉलवर. पाणी सोडलं की शेतकऱ्याला कळवायचं कसं? सुभेदार म्हणाले, मिस्ड कॉल द्या. रानातल्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. मिलिंद म्हणाला, मेसेज पाठवा. लिहिलेलं राहतं, उद्या कुणी नाही म्हणायला नको.

मिलिंदनं सुभेदारांचं मांडलं. काय मांडलं! चिखलानं भरलेले हात, खिशात थरथरणारा फोन, चष्मा घरी राहिलेला म्हातारा, सगळं त्यात आलं. सुभेदार खूश होऊन म्हणाले, "व्हय. हेच मला म्हणायचं हाय." मग त्यांनी मिलिंदचं मांडलं. तेही झकास. मिलिंदनं मान डोलावली.

मी म्हटलं, आता आपापलं बोला.

"काका, मला तुमचंच पटलं," मिलिंद म्हणाला. "मिस्ड कॉलच बरा."

"आता पटून काय उपेग? मी मेसेजवर आलो की रं."

आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून, बाजू बदलून! चहाचे दोन राउंड झाले तरी कुणी हटेना. शेवटी मी म्हटलं, दोन्ही करा की. तर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलंय.

*

या नियमानं आम्ही माणसं जोडली तशी घालवलीही.

हैदराबादचा एक मुलगा होता. आमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेलं नाही. आपणहून आला, कोडचा एक मोठा भाग बसून सुधारून दिला, आणि ग्रुपवर इतका अदबीनं लिहायचा की सुभेदार त्याला 'शरीफ आदमी' म्हणायचे. त्याचं म्हणणं एवढंच, की पाळी कुणाला द्यायची हे माणसांनी ठरवूच नये. ज्याच्या रानाला गरज जास्त त्याला पाणी, आणि ते मशीन ठरवील.

सुभेदारांचा विरोध. नियमाप्रमाणे त्यांनी पोराचं म्हणणं मांडलं, पोरानं ते मान्य केलं. आता पोराला सुभेदारांचं खोडायचं, म्हणून त्यानं आधी ते मांडायचं. पाळी ही आजोबांपासून चालत आलेली असते, तिच्यावर लग्नं जुळतात, ती मोडली तर गाव पेटतं, वगैरे. त्याचं उत्तर आलं, 'माफ करा. हे म्हणणं मी मांडू शकत नाही, कारण मला ते पटत नाही.'

मिलिंदनं लिहिलं, 'पटायला कोण सांगतंय? सांगायला सांगतोय.'

त्यानंतर तो मुलगा कधीच आला नाही. त्याची सुधारणा चांगली होती, पण आम्ही तीही घेतली नाही; तेवढी तरी वापरायला हवी होती. सुभेदार पुढे बरेच दिवस मधेच विचारायचे, "हैदराबादचा काय म्हणतोय?" आणि मिलिंद दर वेळी सांगायचा, "आपण चुकलो काका. नियम दार उघडायला केला आणि त्यानंच कडी घातली." मला अजून त्या मुलाचं वाईट वाटतं.

*

आता मोठं भांडण. बाकीची सगळी त्याची पिल्लं.

पाण्याची नोंद ठेवायची कुठं? सुभेदारांचं म्हणणं, मोटार चालवणाऱ्या ऑपरेटरच्या मोबाइलवर. कोयनेच्या खोऱ्यात रेंज येते नि जाते. नोंदीसाठी रेंज शोधत बसलं तर पाणी वाया. मिलिंदचं म्हणणं, नोंद एका सर्व्हरवर हवी, सगळ्यांना दिसेल अशी, आणि एकदा झाली की कुणाला बदलता न येणारी. दोन्हीकडे ठेवा असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हटलं. पण दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या नाहीत तर खरी कुठली मानायची? तिथं गाडी अडायची.

"रानात कोण उभा हाय? ऑपरेटर," सुभेदार म्हणाले. "पाणी कुणी सोडलं? त्यानं. मग खरं कुणाचं? त्याचंच. बात खतम."

मिलिंद एरवी फटकन उत्तर द्यायचा. त्या दिवशी त्यानं आधी चहा संपवला.

"आमचं रान पाइपलाइनच्या पार शेवटाला," तो म्हणाला. "वस्तीतल्या सगळ्यांचीच रानं शेवटाला. वडील विचारायला गेले की उत्तर ठरलेलं असायचं, 'झाली की तुमची पाळी, मी स्वतः सोडलं पाणी.' रान कोरडं. पण पाणी सोडणाराच म्हणतोय म्हटल्यावर वडील काय बोलणार? घरी येऊन गप बसायचे."

कुठली वस्ती, ते त्यानं सांगितलं नाही. आमच्या भागात ते विचारावं लागत नाही. सुभेदारांचं रान त्यांच्या गावच्या मोटारीला लागून, पहिलं पाणी त्यांना. तेही कुणी बोललं नाही.

मिलिंदनं सुभेदारांचं म्हणणं एका दमात मांडलं आणि 'व्हय' मिळवलं. सुभेदारांना मात्र मिलिंदचं मांडता येईना.

"मिलिंदचं म्हणणं असं हाय, की नोंद एका जागी असली की घोळ होत न्हाई."

"नाही काका."

"सगळ्यास्नी दिसली की भांडणं कमी होत्यात."

"नाही काका. तुम्ही नोंदीचं बोलताय."

"मग कशाचं बोलू?"

"ते तुम्ही सांगायचंय."

बैठकीमागून बैठक हेच. इकडे गावोगावचे पाणीवाले नव्या सॉफ्टवेअरसाठी सुभेदारांच्या मागे लागलेले, आणि सुभेदारांनी त्यांना उन्हाळ्याच्या आत देतो म्हणून शब्द देऊन ठेवलेला. फौजी माणसाचा शब्द. तो त्यांना आतून कुरतडत होता. एकदा एसटीत बसताना मला म्हणाले, "पोरगं आडमुठं हाय लय." मग जागेवर बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "पर त्याचा बाप गप बसायचा, ते काय माज्या डोक्यातनं जात न्हाई बग."

*

पावसाळा संपता संपता मिलिंदला रक्ताचा कॅन्सर निघाला.

कराडच्या दवाखान्यात ठेवला होता. त्याची बायको सुजाता पाटणला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. रजा टाकून तीही तिथंच. आमचे सगळे फोन त्यांच्या घरी स्पीकरवर चालायचे, त्यामुळे तिला प्रत्येक भांडण तोंडपाठ. "आमच्या घरात नवरा, बायको आणि सुभेदार राहतात," असं ती म्हणायची.

आम्ही सगळे भेटायला जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून यायचो. सुभेदार एक दिवसाआड साताऱ्याहून एसटीनं यायचे, डबा द्यायचे, खुर्ची ओढायचे आणि भांडायला सुरुवात करायचे. सर्व्हर, रेंज, ऑपरेटर. मिलिंदच्या अंगात त्राण नसायचं, तरी उशीवरून मान उचलून तो उत्तर द्यायचा. एकदा आवाज इतका चढला की सिस्टर आली.

"आजोबा, बाहेर व्हा बघू. पेशंटला त्रास होतोय."

सुभेदार उठले. शरमले बिचारे.

"सिस्टर, त्यांना घालवू नका," मिलिंद म्हणाला. "बाकी सगळे माझ्याशी गोड बोलायला लागलेत."

मीही गोडच बोलत होते. फळं आणली होती. ती तिथं ठेवली आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले.

*

दिवाळीच्या आधी मिलिंद गेला.

त्यानंतरची पहिली बैठक कराडला, त्याच माडीवर. हॉटेलवाल्यानं सवयीनं मिलिंदचाही चहा आणला. कुणी परत ने म्हणालं नाही. तो तसाच गार होत राहिला.

काम तर उरकायलाच हवं होतं. सांगलीकडचा एक जण चाचरत म्हणाला, "आता ते नोंदीचं... म्हणजे आता तसा कुणाचा विरोध नाही. काकांची पद्धत घेऊन टाकू, काम पुढं जाईल." त्याचंही चुकलं नव्हतं. माना हलायला लागल्या. सुभेदारांचा शब्दही राहणार होता.

सुभेदार म्हणाले, "विरोध न्हाई कोण म्हणतंय? विरोध हाय. माणूस न्हाई."

"पण काका, नियमाप्रमाणं 'व्हय' कोण म्हणणार?"

"त्याची बायको म्हणंल. तिनं सगळं ऐकलंय."

मी म्हटलं, काका, त्या पोरीला आता या भानगडीत कशाला ओढता? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवी उचलली, जिना उतरले आणि पाटणची एसटी कुठं लागते ते खाली जाऊन विचारायला लागले. फौजेतली वर्षं सोडली तर जन्म गेला त्यांचा या भागात, त्यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

*

पुढचं थोडं सुभेदारांनी सांगितलेलं आणि थोडं मी पाहिलेलं.

पहिल्या रविवारी ते पाटणला गेले, सुजाताच्या समोर सरळ बसले आणि म्हणाले, "मिलिंदचं म्हणणं असं, की नोंद सगळ्यास्नी दिसावी आणि कुणाला बदलता येऊ नये." सुजातानं ऐकून घेतलं. म्हणाली, "नाही काका. असं नव्हतं त्याचं म्हणणं."

दुसऱ्या रविवारी ते ऑपरेटरवर बोलले. पाणी सोडणारा आणि खरं ठरवणारा एकच माणूस असू नये, असं मांडलं. हे त्यांनी मला फोनवर ऐकवलं, तेव्हा मला वाटलं, आता जमलं. सुजाता म्हणाली, "नाही काका."

मग एका रविवारी ते मिलिंदच्या वडिलांवर बोलले. रान कोरडं बघून आलेला माणूस घरात गप बसतो, त्याला बोलायला जागा पाहिजे, त्या जागेसाठी पोरानं आयुष्यभर भांडण मांडलं. असं बोललेले सुभेदार मी कधी ऐकले नव्हते. हेही त्यांनी फोनवरच सांगितलं. "आता तर 'व्हय' म्हणाली असेल ना?" मी विचारलं.

"न्हाई म्हणाली."

उन्हाळा तोंडावर आला होता. गावांचे फोन यायचे ते सुभेदार आता उचलत नव्हते. मला भीती वाटायला लागली, की हा माणूस यातच झिजणार. त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, जमलं तर सुजाताला चार शब्द समजावून सांगायला.

सुजातानं पाणी दिलं. आत कुकर लावलेला होता. सुभेदारांनी खिशातून मोबाइल काढून टीपॉयवर ठेवला.

"मी मांडून मांडून दमलो, पोरी. मला काय ते जमत न्हाई. दवाखान्यातनं त्यानं मला पाठवल्यालं हाय, आज त्याच्याच तोंडून मांडतो. ऐक."

त्यांनी व्हॉइस मेसेज लावला. आधी नुसती ट्रॉली ढकलल्याची घरघर आली, मग मिलिंद खोकला.

"काका, पाणी सोडणारा खोटं बोलतो, असं मी म्हणत नाही. माझ्या बापाला त्याला खोटं म्हणायची पाळी येऊ नये, एवढंच म्हणतोय. आपलं आपल्याला बघता आलं पाहिजे, कुणाच्या दारात जाऊन विचारायला लागू नये. हेच माझं म्हणणं. आता तुम्ही तुमच्या शब्दांत मांडा बघू. आणि बीपीची गोळी चुकवू नका."

आत कुकरची शिट्टी झाली. सुजाता उठली नाही. मोबाइलचा उजेड जाऊन काच काळी झाली, तरी ती तिथंच बघत होती. मला वाटलं, आता संपलं सगळं. आता ती 'व्हय' म्हणणार, सुभेदार साताऱ्याला जाणार आणि आम्ही कोड गावांना देऊन टाकणार.

"नाही काका," ती म्हणाली. "असं नव्हतं त्याचं म्हणणं."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मोबाइल उचलला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"म्हंजे अजून ठरलं न्हाई."

"नाही ठरलं."

"मग येतो पुढच्या रविवारी."

"या," सुजाता म्हणाली. "आणि काका, फोन चार्ज करून आणा."